निंबोळी अर्क

निंबोळी अर्क हे कडुनिंबाच्या बियांपासून पाण्यात तयार केले जाणारे वनस्पतिजन्य कीडनाशक होय. भाजीपाला, फुलझाडे, कपाशी, तूर व हरभरा या पिकांवरील किडींसाठी ५ टक्के तीव्रतेचा अर्क वापरला जातो. महाराष्ट्रात, विशेषतः कडुनिंब सर्वत्र आढळणाऱ्या वऱ्हाडात, परसबागेपासून कोरडवाहू शेतीपर्यंत त्याचा वापर होतो. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६९) पीकसल्ल्यांत या अर्काच्या फवारणीचा समावेश असतो.

इतिहास

धान्याच्या कणगीत व कपड्यांच्या पेटीत कडुनिंबाचा पाला ठेवण्याची प्रथा भारतात जुनी आहे. १९६२ मध्ये दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाण्यातील मिश्रण पिकांवर फवारले. टोळ त्या पिकांवर उतरले, परंतु त्यांनी पाने खाल्ली नाहीत. १९६८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी बियांतील प्रमुख क्रियाशील घटक वेगळा केला. त्यास अ‍ॅझाडिरॅक्टिन असे नाव आहे.

निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरासाठी युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना पेटंट दिले होते. हा वापर भारतात आधीपासून प्रचलित असल्याचा आक्षेप घेतला गेल्यावर ते २००० मध्ये रद्द झाले. त्यावरील अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळण्यात आले.

कार्यपद्धती

अर्कामुळे कीड तत्काळ मरत नाही. अ‍ॅझाडिरॅक्टिन कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेवर नियंत्रण ठेवणाऱ्या संप्रेरकांत अडथळा आणते; त्यामुळे अळीची वाढ खुंटते व ती पुढील अवस्थेत जाण्यापूर्वी मरते. कडू चवीमुळे अनेक कीटक फवारलेली पाने खाणे सोडतात, तसेच मादी पतंग अशा पानांवर अंडी घालण्याचे टाळतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, घाटेअळी, पाने खाणारी अळी व कोबीवरील चौकोनी ठिपक्यांचा पतंग यांवर अर्क उपयुक्त ठरतो. लहान अळ्यांवर परिणाम चांगला होतो. पूर्ण वाढलेल्या अथवा फळात शिरलेल्या अळीवर तो फारसा होत नाही. म्हणून किडीचा प्रादुर्भाव सुरू होतानाच फवारणी करणे आवश्यक असते.

तयार करण्याची पद्धत

वऱ्हाडात निंबोळ्या साधारणतः जून-जुलैमध्ये पिकतात. पडलेल्या निंबोळ्या गोळा करून गर काढतात, बिया धुऊन सावलीत वाळवतात आणि हवा खेळती राहील अशा पोत्यांत साठवतात. ओलसर बियांना बुरशी लागते, तर फार जुन्या बियांतील क्रियाशील घटक घटतो.

१०० लिटर द्रावणासाठी ५ किलो वाळलेल्या बिया भरडून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवतात. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात वेगळा भिजवतात. सकाळी भरड ढवळून फडक्यातून गाळतात, त्यात साबणाचे पाणी मिसळतात व एकूण द्रावण १०० लिटर करतात. परसबागेसाठी १० लिटर पाण्यास ५०० ग्रॅम बिया व २० ग्रॅम साबण पुरतो. साबणामुळे द्रावण पानांवर पसरते. उष्णतेने क्रियाशील घटकाचा ऱ्हास होत असल्याने अर्क उकळत नाहीत. तो त्याच दिवशी वापरतात.

हवामानाचा प्रभाव

अ‍ॅझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी काही दिवसांतच निष्प्रभ होते. अकोला व अमरावतीच्या मैदानी भागात मे महिन्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. तेथे सकाळच्या फवारणीचा परिणाम लवकर ओसरतो. त्यामुळे फवारणी सायंकाळी व पानांच्या खालच्या बाजूस करतात. गाविलगडाच्या डोंगररांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर असलेल्या चिखलदऱ्यात अडचण वेगळी आहे: पावसाळ्यातील सततच्या सरींनी अर्क धुऊन जातो. अशा ठिकाणी पावसाची उघडीप पाहून फवारणी करावी लागते व पाऊस झाल्यास ती पुन्हा करावी लागते.

लवकर विघटन होणे ही अर्काची मर्यादा असली, तरी भाजीत व मातीत त्याचा अंश दीर्घकाळ राहत नाही. चिखलदरा परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून असून तेथील सिपना, गडगा, खापरा आदी नद्या तापीस मिळतात. अशा क्षेत्रात या गुणधर्माला विशेष महत्त्व आहे.

संबंधित पद्धती

दशपर्णी अर्कात कडुनिंबासह निर्गुडी, सीताफळ, करंज, एरंड, रुई, कण्हेर, पपई, घाणेरी व गुळवेल यांचा पाला सुमारे महिनाभर आंबवतात. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर (पद्मश्री, २०१६) यांनी प्रसार केलेल्या नैसर्गिक शेतीत कडुनिंब, गोमूत्र व शेण यांपासून ‘नीमास्त्र’ तयार करतात. फवारणीस पूरक म्हणून पिवळे चिकट सापळे, कामगंध सापळे, पक्षीथांबे, झेंडूची सापळा ओळ आणि कीडग्रस्त शेंडे व फळे काढून नष्ट करणे हे उपाय योजतात.

सुरक्षितता

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर रासायनिक कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेत २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्यानंतर विदर्भात फवारणीच्या सुरक्षिततेचा आणि पर्यायी कीडनियंत्रणाचा प्रश्न ऐरणीवर आला.

तथापि वनस्पतिजन्य पदार्थ सर्वस्वी निरुपद्रवी नसतात. लहान मुलांनी निंबोळी तेल गिळल्यास गंभीर विषबाधा होऊ शकते. दशपर्णीतील कण्हेर व रुई या वनस्पती विषारी आहेत. म्हणून पाला हाताळताना व फवारताना हातमोजे वापरणे, नाक-तोंड झाकणे आणि भाजी खाण्यापूर्वी धुणे आवश्यक आहे. निंबोळी अर्क खाल्ल्यावर प्रभावी ठरत असल्याने ढालकिडे व क्रायसोपा यांसारख्या मित्रकीटकांना त्याचा उपद्रव अनेक रासायनिक कीटकनाशकांच्या तुलनेत कमी होतो. तरीही मधमाश्यांचा वावर असताना, विशेषतः फुलोऱ्यातील पिकावर, फवारणी टाळतात.