पंधराचा वर्ग

आमच्या टीममधला एक पोरगा स्वतःला कट्टर नास्तिक म्हणवतो. गेल्या महिन्यात तो बुधवारी संध्याकाळी माझ्याबरोबर रे रोडला हार्बर लोकलमध्ये चढला आणि माहीमला उतरला. कशाला? तर नोव्हेनाला. होम लोन अडकलंय म्हणून मेणाचं घर वाहायला! "तुझा विश्वास आहे का?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "विश्वास नाही रे, पण ट्राय करायला काय जातंय?"

हसू आलं खरं, पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला. मागणं सगळेच मागतात. पण मिळणारच अशा भरवशाने मागणारा माणूस कसा असतो? आणि तो भरवसा येतो कुठून?

उत्तर शोधताना मी पुन्हा रे रोडपाशीच आलो. ज्याच्या नावाचा हा रस्ता, तो लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत, ११ मार्च १८८९ ला, इथून फार लांब नाही अशा चौपाटीजवळ पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं. बाईंची विद्वत्ता आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असते. त्यांच्या प्रार्थनेबद्दल मात्र आपल्याकडे जरा अवघडल्यासारखं गप्प बसतात. धर्मांतर म्हटलं की आपण लगेच विषय बदलतो ना, त्यातलाच प्रकार.

खरं तर प्रार्थनेवर विश्वास न ठेवायला रमाबाईंइतकी कारणं क्वचितच कुणाकडे असतील. वडील अनंतशास्त्री डोंगरे म्हणजे पुराणिक. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत हिंडायचं. व्रतं, अनुष्ठानं, दानधर्म, काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. आणि १८७० च्या दशकातल्या उपासमारीत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा-सतराच्या. ज्या पोरीने आईबापांचं मागणं असं वाया गेलेलं पाहिलं, ती पुन्हा हात जोडेल तरी कशी?

लगेच नाहीच जोडले त्यांनी. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी मनाचं समाधान झालं नव्हतं, असं त्या स्वतःच सांगतात. पुढे सदन पुण्याला हललं. तिथे त्या मुलीबरोबर, मनोरमेबरोबर, आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. गावात बोंब झाली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द होता, आणि उघडं दार त्यात बसतं की नाही यावर आजही वाद घालता येईल. बाईंनी दार लावून घेतलं नाही, एवढं खरं.

आता माझ्या आवडीचा भाग. १८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर होतं. रमाबाईंबरोबर ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या त्यांच्या पंधरा मुली होत्या. पहाटे रानात बसून त्यांनी मागितलं काय? तर पुढच्या शिबिराच्या आत या संख्येचा वर्ग होऊ दे! म्हणजे २२५. मी आयुष्यात एवढं नेमकं रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन पाहिलेलं नाही. आमचे क्लायंट 'सिस्टीम फास्ट पाहिजे' एवढंच लिहून पाठवतात. इथे आकडा आहे, मुदत आहे, आणि चुकलं तर चुकलं हे सगळ्यांना दिसणार आहे.

आणि त्यांना स्वतःलाही ते पटेना. अख्ख्या शाळेतच मुली पन्नासच्या आसपास, २२५ येणार कुठून? मग बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातलं, देवाला अशक्य काय आहे अशा अर्थाचं वचन आठवलं. ते त्यांनी वहीत टिपलं आणि दुसरी प्रार्थना केली: विश्वास ठेवता येईल असं बळ दे. मी इथे थांबलो. म्हणजे भरवसा गाठीला बांधून त्या मागायला बसल्या नव्हत्या. भरवसाच आधी मागून घ्यावा लागला होता.

त्यानंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःची उपासमार आठवून बाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथे एवढ्यांना ठेवता येईना, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तेच मुक्ती मिशन. बॉस्टनच्या संस्थेने दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला होता, ती मुदतही संपत आली होती. अशा वेळी खाणारी तोंडं इतक्या पटीने वाढवणं आमच्या कुठल्याच मॅनेजरने मंजूर केलं नसतं! ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने निव्वळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवल्याचं त्यांनी वाचलेलं होतं. पण त्या नुसत्या हात जोडून बसल्या नाहीत. प्लेगच्या सरकारी कारभारावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये असं पत्र लिहिलं की प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं.

१८९७ च्या शिबिरात मोजलं तेव्हा आकडा २२५ झालेला होता, असं त्यांनी १९०७ च्या पुस्तिकेत लिहिलंय.

तुम्ही म्हणाल, हा दुष्काळाचा परिणाम, प्रार्थनेचा काय संबंध? मीही तेच म्हणालो. शिवाय ज्या मुलींचं पोट बाईंच्या हातात होतं, त्यांच्या श्रद्धेत कृतज्ञता किती आणि पटणं किती, हे कोण मोजणार? पण दुष्काळ सगळ्यांनाच दिसत होता. बैलगाडीने, आगगाडीने तिकडे जाऊन पोरी उचलून आणणारे किती होते? कुठेतरी २२५ आहेत असं धरून चालणारी बाई बाहेर पडली. हे उत्तर मला अर्धंमुर्धं पटतं, पूर्ण नाही.

१९०५ मध्ये मुक्तीत रोजच्या प्रार्थनेला सत्तरेक जणींपासून सुरुवात झाली आणि जूनपर्यंत आकडा साडेपाचशेवर गेला. हे आकडे मात्र कुणी आधी मागितले नव्हते.

शेवटची वर्षं त्या हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणत होत्या. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, चाळिशीची, मुक्तीची सगळी भिस्त तिच्यावर. तिच्यासाठी प्रार्थना झाली नसेल असं थोडंच आहे? भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर ते हातावेगळं झालं होतं. १९२४ ला ते छापून बाहेर आलं. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आणि खिळे जुळवायला तिथल्याच बायका होत्या.