खाणीच्या पोटातलं गाणं

ऑगस्ट 2008. स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातल्या ला उनिओन गावात तुम्ही जुन्या मंडईच्या छताखाली बसला आहात. उकाडा मरणाचा. उएल्वाची बाविशीतली रोसिओ मार्केस ‘मिनेरा’ हा फ्लामेन्कोतला प्रकार गायला बसते आणि पंखे हलायचे थांबतात. फ्लामेन्को म्हणजे घोगरा, फाटका आवाज अशी समजूत घेऊन आला असाल, तर ती आता सोडा. हा आवाज स्वच्छ आहे, बारीक हरकतींचा. मिनेराला ठेका नसतो. आलाप ऐकणाऱ्या कानांना ते जवळचं वाटेल. गिटारवाला तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवून तारा छेडतो.

हे खाणकामगारांचं गाणं. एकोणिसाव्या शतकात आल्मेरियाची माणसं शिशाच्या खाणींत पोट भरायला इथे आली, सोबत गाणी घेऊन. खाणी बंद पडल्या, या गाण्यांची इथली 1961 पासूनची स्पर्धा मात्र चालू आहे. सर्वोच्च बक्षीस ‘लांपारा मिनेरा’, म्हणजे खाणीतला दिवा. यंदा तो रोसिओचा.

आता चार वर्षं पुढे, उत्तरेला लेओन प्रांतात या. सरकारने कोळसा खाणींचं अनुदान निम्म्याहून जास्त कापलंय. सांता क्रूस देल सिलच्या खाणीत कामगारांनी स्वतःला कोंडून घेतलंय, कित्येक आठवडे. हेल्मेट चढवा, आत चला. बोगद्यात ओल आहे, पायाखाली चिखल, आणि दिव्याच्या पलीकडे काही म्हणजे काही दिसत नाही. रोसिओ इथवर आली आहे आणि त्या माणसांसमोर गाते आहे. खाणीवरचं गाणं खाणीतच, ज्यांचं आहे त्यांच्याच पुढ्यात! ला उनिओनला परीक्षक होते. इथल्या श्रोत्यांना खोटा सूर त्यांच्याआधी कळला असता. माझ्या मते तिची खरी परीक्षा हीच.

पुढचा प्रवास भराभर करू. 2014 मध्ये ‘एल निन्यो’, पेपे मार्चेना या गोड गळ्याच्या जुन्या गायकाला वाहिलेला अल्बम. 2017 मध्ये सेव्हिया विद्यापीठाची डॉक्टरेट, विषय फ्लामेन्कोतलं कंठतंत्र. 2022 मध्ये ब्रोंकिओ या संगीत-निर्मात्यासोबत ‘तेर्सेर सिएलो’ हा अल्बम, सगळा इलेक्ट्रॉनिक बाज. तोवर खाणींचा निकाल लागून गेला होता: 2018 संपताना स्पेनमधल्या बहुतेक कोळसा खाणींना टाळं लागलं.

तिला पहिल्यांदाच ऐकणार असाल तर ‘एल निन्यो’पासून सुरुवात करा. ‘तेर्सेर सिएलो’ त्यानंतर.