व्हीएस कोडमध्ये डेटाबेस प्लगइन : जोडणी पाच मिनिटांची, मराठी नावांची तपासणी त्याहून महत्त्वाची

पतसंस्थेची सभासद यादी, वाचनालयाची पुस्तकनोंद, शाळेचा प्रवेश रजिस्टर. असं एखादं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायची जबाबदारी अंगावर पडली की पहिली गरज असते ती आतला डेटा डोळ्यांनी बघायची. कोड एका खिडकीत आणि डेटा ब्राउझरमधल्या पीएचपीमायॲडमिनमध्ये, अशी ये-जा बरेच जण करतात. त्यापेक्षा कोड लिहायच्या जागीच टेबलं दिसली तर काम सोपं होतं. त्यासाठीच डेटाबेस प्लगइन असतं.

व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा फुकट एडिटर २०१५ साली जाहीर झाला, आणि आज नवशिक्यांच्या लॅपटॉपवर तोच जास्त दिसतो. त्यात डेटाबेससाठी बरीच प्लगइन आहेत. इथे 'एसक्यूएलटूल्स' हे खुलं आणि मोफत प्लगइन मायएसक्यूएलला कसं जोडायचं ते दिलं आहे. आज्ञा आणि बटणांची नावं इथे देवनागरीत असली, तरी स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायची आहेत.

दोन गोष्टी बसवाव्या लागतात

डाव्या पट्टीतल्या 'एक्स्टेन्शन्स'मध्ये जाऊन एसक्यूएलटूल्स शोधा आणि इन्स्टॉल करा. इथेच पुष्कळ जण थांबतात, आणि मग जोडणी करताना डेटाबेसची यादी रिकामी दिसते. कारण मुख्य प्लगइनला कुठल्याच डेटाबेसची भाषा येत नाही. प्रत्येक डेटाबेससाठी दुभाषा वेगळा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीचा ड्रायव्हर एक, पोस्टग्रेचा दुसरा, एसक्यूलाइटचा तिसरा. आपल्याला लागणारा ड्रायव्हर त्याच ठिकाणी शोधून वेगळा बसवायचा.

प्लगइन म्हणजे डेटाबेस नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. मायएसक्यूएल संगणकावर किंवा सर्व्हरवर आधीपासून चालू असायला हवं. झॅम्प वापरणाऱ्यांनी त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये मायएसक्यूएलसमोरचं 'स्टार्ट' दाबून ते हिरवं झालंय का बघावं. तिथे नाव मायएसक्यूएल दिसत असलं तरी नव्या झॅम्पमध्ये आत असतं ते मारियाडीबी. वापरात फारसा फरक जाणवत नाही, पण पुढे एका ठिकाणी तो कामी येतो.

आता डाव्या पट्टीत पिंपासारखं चिन्ह येईल. ते दाबून 'ॲड न्यू कनेक्शन' घ्या, ड्रायव्हर निवडा आणि फॉर्म भरा. कनेक्शनला नाव असं द्या की सहा महिन्यांनी बघितलं तरी कळेल. 'टेस्ट' हे नाव देऊ नका. 'घरचा लॅपटॉप – सभासद' आणि 'खरा सर्व्हर – सभासद' अशी नावं असली की हात चुकत नाही. सर्व्हरच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट' लिहिण्याऐवजी १२७.०.०.१ लिहिलेलं बरं. काही संगणकांवर लोकलहोस्टचा अर्थ नव्या पद्धतीचा पत्ता असा लावला जातो आणि जोडणी नाकारली जाते. पोर्ट ३३०६. त्यानंतर डेटाबेसचं नाव आणि युजरचं नाव. 'टेस्ट कनेक्शन' दाबा, जमलं तर 'सेव्ह'.

नाही जमलं तर बहुधा तीन कारणं असतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे. 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर युजर किंवा पासवर्ड चुकला आहे. तिसरा संदेश लांबलचक असतो आणि गोंधळात टाकतो : सर्व्हरने मागितलेली ओळख पटवण्याची पद्धत क्लायंटला येत नाही, असा त्याचा आशय. मायएसक्यूएल ८.० ने २०१८ मध्ये पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली, आणि जुन्या ड्रायव्हरना ती जमत नाही. प्लगइनच्या फॉर्ममध्येच खाली 'ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल' असा पर्याय आहे. तो 'एक्सप्रोटोकॉल' करून पोर्ट ३३०६० दिला की बहुतेकदा काम होतं. इंटरनेटवर युजरला जुन्या पद्धतीवर नेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पण ८.४ आवृत्तीत ती पद्धत मुळातच बंद ठेवलेली आहे आणि ९.० मध्ये काढूनच टाकली आहे, तेव्हा त्या वाटेला न गेलेलं बरं. झॅम्पवाल्यांना ही अडचण येत नाही, कारण आत मारियाडीबी आहे.

पासवर्ड कुठे जातो?

फॉर्ममध्ये पासवर्डचे चार पर्याय दिसतात : रिकामा ठेवा, जोडताना विचारा, व्हीएस कोडच्या सुरक्षित साठ्यात ठेवा, किंवा सेटिंग्जमध्ये साध्या अक्षरांत लिहा. शेवटचा पर्याय सोयीचा वाटतो, पण नुकसान तोच करतो. प्रोजेक्टचं फोल्डर उघडं असताना कनेक्शन त्या फोल्डरमधल्या 'डॉट व्हीएसकोड' नावाच्या उपफोल्डरात, सेटिंग्जच्या फायलीत लिहिलं जाऊ शकतं. पुढे तेच फोल्डर गिटहबवर चढलं की सर्व्हरचा पत्ता, युजर आणि पासवर्ड असं तिजोरीच्या किल्ल्यांचं जुडगं चव्हाट्यावर. त्या फाइलीला नंतर 'गिटइग्नोर'मध्ये टाकून उपयोग नाही, कारण जुन्या नोंदी गिटच्या इतिहासात राहतात. एकदा बाहेर गेलेला पासवर्ड बदलायचाच. म्हणून 'जोडताना विचारा' हा पर्याय, दर वेळी टाइप करायचा कंटाळा आला तरी, चांगला.

प्रश्नचिन्हं आणि कचरा : दोष प्लगइनचा नसतो

जोडणी झाली, सभासदांचं टेबल उघडलं, आणि नावांच्या जागी डोक्यावर रेघ असलेला रोमन 'ए' आणि भलतीसलती चिन्हं. वेबसाइटवर तीच नावं स्वच्छ मराठीत दिसतात. त्यामुळे दोष प्लगइनचा असं ठरवून लोक ते काढून टाकतात. खरं तर प्लगइन आत जे आहे तेच दाखवतंय, वेबसाइटच जुनी चूक झाकतेय.

मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच ८.० येईपर्यंत 'लॅटिन१' होता, आणि त्याची क्रमवारी स्वीडिश. कंपनी स्वीडनची, म्हणून. बेळगावच्या सभासद यादीला स्वीडिश क्रमवारी हा प्रकार त्यामुळे आजही जुन्या टेबलांत सापडतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं. कन्नड आणि गुजराती लिपीचंही तसंच. लॅटिन१ला एका चिन्हाला एकच बाइट माहीत. म्हणून एका अक्षराचे तीन तुकडे होऊन तीन विचित्र खुणा दिसतात.

नेमकं काय झालंय ते अंदाजाने ठरवू नये. 'हेक्स' नावाचं फंक्शन नावाच्या रकान्यावर चालवून बघावं. मराठी नावं निरोगी असतील तर आकडे बहुतेक 'ई०ए४' किंवा 'ई०ए५' अशा तिकड्यांनी येतात. 'म' म्हणजे ई०ए४एई. त्याच जागी कन्नड नाव असेल तर ई०बी२ किंवा ई०बी३ दिसेल. यावरून तीन रोग ओळखता येतात.

पहिला : हेक्स बरोबर आहे, पण रकान्याचा अक्षरसंच लॅटिन१ आहे. म्हणजे माल बरोबर आणि डब्यावरची चिठ्ठी चुकीची. इथे घाईने 'कन्व्हर्ट टू' ही आज्ञा दिली तर मायएसक्यूएल चुकीच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून प्रत्येक तुकड्याचं पुन्हा भाषांतर करतं आणि पहिल्या रोगाचा दुसरा रोग होतो. बरोबर रस्ता असा : रकाना आधी 'ब्लॉब' करायचा, म्हणजे चिठ्ठी निघते, आणि मग 'यूटीएफ८एमबी४' अक्षरसंचाचा मजकूर-रकाना करायचा.

दुसरा : हेक्स 'सी३ए०सी२ए४' असं सुरू होतं. म्हणजे दोनदा सांकेतिक रूप झालंय. रकाना यूटीएफ-८ असतो, पण वेबसाइट लॅटिन१ समजून जोडली जाते. लिहिताना चूक, वाचताना तीच चूक उलटी, त्यामुळे स्क्रीनवर सगळं ठीक. दुरुस्तीला मजकूर लॅटिन१मध्ये बदलून, तिथून बायनरी करून, मग यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचायचा. पण त्याच वेळी वेबसाइटच्या कोडमधली जोडणीही यूटीएफ८एमबी४ करावी लागते. एकच बाजू दुरुस्त केली तर इतके दिवस नीट दिसणारी साइट बिघडते आणि दोष दुरुस्त करणाऱ्याच्या माथी.

तिसरा : हेक्समध्ये फक्त ३एफ ३एफ ३एफ. हे खरं प्रश्नचिन्ह आहे. लॅटिन१ रकान्यात मराठी लिहायचा प्रयत्न झाला, सर्व्हरने सैल नियमांमुळे न अडवता प्रत्येक अक्षराजागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. ही नावं परत येत नाहीत. मूळ अर्ज, कागदी रजिस्टर किंवा जुना बॅकअप, एवढेच उपाय. २०१५ पासून ५.७ आवृत्तीत कडक नियम मूळपासून लागू झाले, तेव्हापासून सर्व्हर अशी नोंद नाकारतो. संदेश त्रासदायक वाटतो, पण त्यानेच नाव वाचतं.

हेक्समध्ये देवनागरीच्या तिकड्या नाहीतच आणि मजकूर रोमन अक्षरांची खिचडी वाटत असेल, तर डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे मायएसक्यूएलचा काही उपाय चालत नाही. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर वापरूनच युनिकोड करावं लागतं.

या सगळ्या दुरुस्त्यांच्या आधी पूर्ण बॅकअप घ्यायचा, आणि आधी लॅपटॉपवरच्या प्रतीवर करून बघायचं. नवं टेबल करताना मात्र 'यूटीएफ८' नव्हे, 'यूटीएफ८एमबी४' निवडा. मायएसक्यूएलचं नुसतं यूटीएफ८ तीन बाइटांवर थांबतं. देवनागरी त्यात मावते, पण सभासदाने पत्त्यात इमोजी टाकला की अडकतं.

रकान्याची लांबीही तपासून घ्यावी. मायएसक्यूएल अक्षरं नव्हे, युनिकोडची चिन्हं मोजतं. 'श्रीकृष्ण' हे वाचताना तीन अक्षरं, मोजताना नऊ चिन्हं आणि साठवताना सत्तावीस बाइट. नावासाठी २० चा रकाना ठेवणाऱ्याला वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिताना ते कळतं. 'ॲड.'चं तर आणखीच. 'ॲ' हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी 'अ' आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हं जोडून तेच लिहिलं जाई, आणि काही कीबोर्ड आजही तसंच लिहितात. डोळ्यांना सारखं, डेटाबेसला वेगळं. यादीतल्या निम्म्या वकिलांची नावं शोधात सापडत नसतील तर इथे बघावं, आणि 'रिप्लेस'ने सगळीकडे एकच रूप करून टाकावं.

खऱ्या सर्व्हरला जोडताना

बहुतेक होस्टिंगवाले ३३०६ हा पोर्ट बाहेरून बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. सीपॅनलमधल्या 'रिमोट मायएसक्यूएल'मध्ये आपला आयपी पत्ता घालून तो उघडता येतो, पण मोबाइल डेटावर तो पत्ता बदलत राहतो. कंटाळून सगळ्या जगाला परवानगी देणारं टक्क्याचं चिन्ह घालू नये. सर्व्हरवर एसएसएचची सोय असेल तर बोगदा काढावा : लॅपटॉपचा ३३०७ हा पोर्ट सर्व्हरच्या आतल्या ३३०६ ला जोडायचा, आणि प्लगइनमध्ये पत्ता १२७.०.०.१ व पोर्ट ३३०७ द्यायचा.

युजर मात्र रूट नको. फक्त 'सिलेक्ट'चा अधिकार असलेला वेगळा युजर करून घ्या. एसक्यूएलटूल्समध्ये कर्सर असलेली किंवा निवडलेली ओळ कंट्रोल-ई दोनदा दाबून चालते. 'अपडेट'ची ओळ निवडताना 'व्हेअर'ची ओळ सुटली तर अख्ख्या टेबलावर एकच मूल्य बसतं, आणि मायएसक्यूएल मूळपासून प्रत्येक आज्ञा लगेच पक्की करतं. खतावणीत शाईने खाडाखोड केल्यासारखंच. बदल करायचाच असेल तर तोच 'व्हेअर' आधी 'सिलेक्ट'ला लावून किती नोंदी येतात ते मोजावं. 'सेफ अपडेट्स' हा मायएसक्यूएलचा पर्याय चालू ठेवला तर बिनशर्त अपडेट आणि डिलीट सर्व्हरच अडवतो. आणि ग्रिडमध्ये पन्नासच नोंदी दिसल्या म्हणून घाबरू नये, टेबल उघडताना प्लगइन मूळपासून तेवढ्याच दाखवतं. कनेक्शनच्या फॉर्ममध्ये आकडा वाढवता येतो.

पोस्टग्रेची जोडणी अशीच, पोर्ट तेवढा ५४३२. एसक्यूलाइटला सर्व्हर नाही, फाइलचा पत्ता द्यायचा. मात्र संगणकावर नोडजेएस लागतं, आणि पहिल्यांदा एक जास्तीचं मॉड्यूल बसवायला प्लगइन परवानगी मागतं. मराठी क्रमवारी हवी असेल तर पोस्टग्रेचं पारडं जड आहे. युनिकोडच्या क्रमांकात 'ळ' हा 'ल'नंतर येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर, आणि मग 'क्ष', 'ज्ञ'. पोस्टग्रे आयसीयू जोडून बांधलेलं असेल तर त्यात 'एमआर-एक्स-आयसीयू' नावाची मराठीची वेगळी क्रमवारी मिळते. 'ऑर्डर बाय'च्या पुढे तिचं नाव लिहिलं की झालं.