शून्य बाइटची फाइल

सावद्याला घरी होतो. दुपारी लाइट गेली, नेमका तेव्हाच फॉर्मॅटर माझी फाइल नीटनेटकी करत होता. लाइट आल्यावर पाहिलं तर फाइल जागेवर, आत मात्र काहीच नाही. शून्य बाइट! तो आधी जुनी फाइल रिकामी करतो, मग नवा मजकूर लिहितो. मधल्या क्षणी वीज गेली की दोन्ही जातात.

ही भीती जुनी आहे. १९८३च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये सी कोड मांडून देणारा 'इंडेंट' आला. मूळ फाइल बदलायची असेल तर तो आधी तिची '.बीएके' प्रत ठेवायचा. (रोज कचरा साठायचा, हे खरं.) त्याहून पक्का मार्ग म्हणजे नवा मजकूर त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या फाइलीत लिहायचा, तो डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, मग तिला मूळ नाव द्यायचं. नाव एका झटक्यात बदलतं, त्यामुळे जुनी फाइल पूर्ण मिळते नाहीतर नवी.

पोथ्यांचंही असंच. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे तीच रूढ झाली. एकनाथांच्या आधीची म्हणून एक प्रत वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापली, तेव्हा जुनं मराठी कसं असेल यावर वाद तरी घालता आला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आमच्या खानदेशातच, धुळ्याला आहे.

मित्र म्हणाला, "गिट होतं ना?" होतं. त्या दुपारचं काम कमिट करायचं राहिलं होतं.