पायवाट कोणाची? इंग्लंडच्या खेड्यांतील वाटांची दोनशे वर्षांची कहाणी

१/
इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाटांचा इतिहास सांगणारे बहुतेक जण २४ एप्रिल १९३२ या दिवसापासून आरंभ करतात. त्या दिवशी मँचेस्टर परिसरातील सुमारे चारशे तरुण कामगार ‘किंडर स्काउट’ या बंदी असलेल्या माळरानावर चढून गेले. प्रसंग थरारक आहे आणि या धाग्यात तो येईलच, परंतु मध्यभागी. कारण तेथील गावांच्या वाटा टिकल्या त्यामागे त्या चढाईपेक्षा एका रुक्ष, कंटाळवाण्या कामाचा वाटा मोठा आहे. गावकऱ्यांनी आपापल्या वाटा चालून पाहिल्या आणि त्या नकाशावर उतरवल्या. जेथे हे काम नीट झाले नाही, तेथील वाटांचा निकाल अजूनही लागायचा आहे.

२/
प्रथम एक मूलभूत गोष्ट. इंग्लंड आणि वेल्समध्ये आज सुमारे १ लाख ४० हजार मैल लांबीच्या सार्वजनिक वाटांची नोंद आहे. म्हणजे जवळजवळ सव्वादोन लाख किलोमीटर. यांतील बहुसंख्य वाटा खाजगी शेतांतून, कुरणांतून, क्वचित एखाद्याच्या अंगणाला लागूनही जातात. जमीन मालकाचीच राहते. लोकांना तिच्यावरून जाण्यायेण्याचा हक्क असतो. हा हक्क वापर थांबल्याने संपत नाही. ‘एकदा सार्वजनिक वाट झाली की ती कायमची सार्वजनिक’ हे तेथील न्यायालयांचे जुने तत्त्व आहे. कायदेशीर आदेशानेच ती बंद करता येते.

३/
या वाटा कोणी ‘बांधल्या’ नव्हत्या. शेतमजूर कामाला जात, बायका बाजाराला जात, रविवारी सारे गाव चर्चला जाई, मृतदेह दफनभूमीकडे नेले जात. त्या पावलांनी वाटा पडल्या. त्यांचे दस्तऐवज म्हणजे गावातील वृद्धांची स्मृती. ‘मी लहानपणापासून येथून जातो, माझा बापही जात असे’ हीच साक्ष. स्मृतीच्या आधारावर उभा असलेला हक्क किती दुबळा असतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ध्यानात आले.

४/
१८१५ साली पार्लमेंटने एक कायदा केला. दोन न्यायदंडाधिकाऱ्यांना एखादी वाट ‘अनावश्यक’ वाटली, तर त्यांच्या सहीने ती बंद करता येऊ लागली. आता हे न्यायदंडाधिकारी कोण होते? पगारी न्यायाधीश नव्हेत. त्याच परगण्यातील जमीनदार. आज मी तुमच्या उद्यानातील वाट बंद करतो, उद्या तुम्ही माझ्या उद्यानातील करा, असा परस्पर सोयीचा व्यवहार चालतो अशी उघड टीका तेव्हाच होऊ लागली होती. ज्यांच्या पायांखालून वाट जाणार होती, त्या मजुरांना कोणी विचारले नाही.

५/
मँचेस्टरजवळच्या फ्लिक्स्टन या गावात राल्फ राइट नावाचे जमीनदार होते. ते स्वतः न्यायदंडाधिकारी होते. आपल्या घराजवळून जाणारी वाट त्यांना नकोशी झाली आणि ती बंद करण्याचा आदेश निघाला. एरवी प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड प्रेंटिस हे सुधारणावादी पत्रकार होते (धान्य-कायद्यांविरुद्धच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे तेच हे प्रेंटिस). त्यांच्या पुढाकाराने १८२६ साली जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. तिने वर्गणी जमवली, वकील दिला, खटला लढवला आणि वाट पुन्हा खुली करून घेतली. यॉर्कमध्ये १८२४ सालीच अशी एक संस्था निघाली होती. मँचेस्टरची लढाई मात्र अधिक गाजली.

६/
येथे क्षणभर थांबावेसे वाटते. गिरण्यांचा धूर, बारा-चौदा तासांची पाळी आणि आठवड्यातून एकच रविवार! त्या रविवारी शहराबाहेरच्या शेतांतून मोकळेपणे चालता येणे, ही मँचेस्टरच्या कामगाराची जवळजवळ एकमेव फुकट चैन होती. म्हणून खेड्यातील वाटेची लढाई शहराने लढवली. पुढेही अनेकदा असेच झाले आणि खेड्यातील शेतकऱ्याच्या मनात ‘ही शहरी मंडळी आमच्या शेतात का?’ हा प्रश्न तेव्हापासून आजवर धुमसत राहिला. तो अगदीच अनाठायी नाही, असे माझे मत आहे.

७/
१८९४ चा स्थानिक शासन कायदा हा या कथेतील दुर्लक्षित नायक. या कायद्याने इंग्लंडच्या खेड्यांत निर्वाचित पॅरिश परिषदा आल्या. पॅरिश म्हणजे मूळचा चर्चचा गावपरिसर. परिषद म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत समजा. आता ग्रामीण पॅरिशमधील वाट बंद करायची वा वळवायची तर त्या परिषदेची संमती अनिवार्य झाली. शिवाय गावातील वाटांची दुरुस्ती हाती घेण्याचा अधिकारही परिषदेला मिळाला. दोन जमीनदारांच्या सहीपासून गावाच्या संमतीपर्यंत येण्यास सुमारे ऐंशी वर्षे लागली.

८/
त्याच वर्षी मँचेस्टरच्या जुन्या संस्थेचा वारसा आणि शिल्लक निधी घेऊन उत्तरेकडील परगण्यांसाठी एक नवी पायवाट-संस्था स्थापन झाली. ती आजही कार्यरत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती वाटांच्या तोंडाशी पाट्या रोवत आली आहे. हिरव्या रंगाच्या, क्रमांक घातलेल्या. पाटी ही क्षुल्लक वस्तू नव्हे. पाटी नसली की परका माणूस फाटकापाशी थबकतो, कुत्र्याचे भुंकणे ऐकतो आणि परत फिरतो. दहा वर्षे असे झाले की वाट गवताखाली जाते.

९/
संमतीचा कायदा झाला तरी सारे सुरळीत झाले नाही. १८९६ मध्ये बोल्टन शहराजवळ विंटर हिल या टेकडीकडे जाणारा रस्ता कर्नल ऐन्सवर्थ यांनी शिकारीच्या पक्ष्यांना त्रास नको म्हणून बंद केला. त्याविरुद्ध हजारो नागरिक टेकडीवर चालून गेले. समकालीन अंदाज दहा हजारांपर्यंत जातो. न्यायालयात मात्र कर्नल जिंकले. जमाव मोठा होता, पुरावा अपुरा पडला. त्या वाटेवरचा सार्वजनिक हक्क अधिकृतरीत्या मान्य झाला तो १९९६ साली, म्हणजे शंभर वर्षांनी!

१०/
आता १९३२. बेनी रॉथमन अवघे वीस वर्षांचे होते. हेफील्डजवळच्या खाणीत सभा झाली आणि जथा किंडरच्या माळाकडे निघाला. तेथे ग्राउज पक्ष्यांची शिकार राखीव होती. राखणदारांशी झटापट झाली. सहा जणांना अटक झाली, त्यांपैकी पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा कारावास झाला. नुसते दुसऱ्याच्या जमिनीवर जाणे हा तेथे फौजदारी गुन्हाच नव्हता. शिक्षा झाली ती दंगल आणि मारहाणीच्या आरोपांखाली. शिक्षा कठोर होती, म्हणून सहानुभूतीही मोठी उसळली. गंमत अशी, की पायी भ्रमंती करणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटनांनी या चढाईला विरोध केला होता. चाललेल्या वाटाघाटी बिघडतील अशी भीती त्यांना वाटत होती.

११/
त्याच १९३२ साली, कोणताही गाजावाजा न होता, पार्लमेंटने वाटांच्या हक्काचा एक कायदा संमत केला. वीस वर्षे लोक एखाद्या वाटेने उघडपणे, विनाअडथळा जात असतील, तर मालकाने ती सार्वजनिक केली असे मानले जाईल. किंडरवर चित्रे आहेत, गाणी आहेत. या कायद्यावर कोणी गाणे लिहिले असल्यास मला ते अद्याप भेटलेले नाही. परंतु गावाच्या वाटेसाठी मला यांतून निवड करायची झाली, तर मी हा कायदा निवडेन.

१२/
खरा पालट १९४९ साली झाला. महायुद्धोत्तर मजूर सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा केला. मंत्री होते लुइस सिल्किन. त्यात परगण्यांच्या परिषदांना सांगण्यात आले, की आपल्या हद्दीतील प्रत्येक सार्वजनिक वाटेची पाहणी करा आणि नकाशा तयार करा. हा नकाशा म्हणजे ‘डेफिनिटिव्ह मॅप’. त्यावर वाट दाखवलेली असली, की ती सार्वजनिक आहे याचा तोच निर्णायक पुरावा. वृद्धांच्या साक्षीची गरज उरणार नव्हती.

१३/
पाहणी करायची कोणी? पॅरिश परिषदांनी. एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे गावोगाव गेले. शाळामास्तर, परिषदेचे कारकून, निवृत्त मंडळी, कधी स्वतः शेतकरीच वाटांवरून चालत गेले. फाटक कोठे आहे, कुंपण ओलांडण्याची लाकडी पायरी मोडली आहे काय, ओढ्यावरची फळी शाबूत आहे काय, अशा नोंदी झाल्या. गावात सभा झाल्या, मसुदे लागले, हरकती आल्या. काम काही वर्षांत संपेल अशी अपेक्षा होती. कित्येक परगण्यांत त्याला दशके लागली.

१४/
आणि येथेच त्या नकाशाचे वैगुण्यही दडले आहे. काही पॅरिशांनी बारीकसारीक वाटही सोडली नाही. काहींनी ‘सगळ्यांना ठाऊकच आहे, लिहायचे कशाला?’ म्हणून हात झटकले. काही परिषदांवर जमीनमालकांचेच वर्चस्व होते. परिणाम असा, की आजही काही वाटा पॅरिशच्या हद्दीपर्यंत नीट येतात आणि तेथेच, शेताच्या मध्यभागी, नकाशावर संपतात. चालणारा माणूस हद्दीपाशी अदृश्य होत असेल काय? नाही, शेजारच्या गावाने अर्ज भरला नाही, एवढेच.

१५/
(मोठे विषयांतर, पण आवश्यक.) मुंबई इलाख्यात याच्या नेमके उलटे घडले. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्या महसूल मोजणीला आरंभ केला. या मोजणीतून शेतवार आणि गाववार नकाशांची परंपरा रुजली आणि गाव नकाशावर गाडीवाटा, पायमार्ग रेषांनी दाखवले गेले. १८७९ च्या जमीन महसूल संहितेने दुसऱ्याच्या मालकीच्या नसलेल्या सार्वजनिक वाटा सरकारच्या ठरवल्या. आपल्याकडे पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. हा विचित्र आकडा कोठून आला? मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. सव्वाआठ फूट म्हणजे तिचे बरोबर चार आणे!

१६/
म्हणजे जो नकाशा इंग्लंडच्या खेड्याला १९४९ नंतर मिळाला, तसा काही आपल्या गावांजवळ कितीतरी आधीपासून होता. पण तो महसुलासाठी, सरकारने, वरून काढलेला. इंग्लंडमध्ये वाट चालणाऱ्यांची संस्था आधी आली, नकाशा मागून. आपल्याकडे नकाशा आला, संस्था आलीच नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली वाट अडवल्याची दाद मागता येते, परंतु सहा महिन्यांच्या आत. माझ्या आजोळी शिवेकडे जाणारी पाणंद गाव नकाशात स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात तेथे गेली अनेक वर्षे ज्वारी उभी असते आणि गावकरी दीड किलोमीटरचा वळसा घालतात. ‘भांडण कोण अंगावर घेणार?’ असे आजी म्हणते.

१७/
पुन्हा इंग्लंडकडे. नकाशा झाला; वाट सांभाळायची कोणी? उत्तर वाटून दिलेले आहे. पृष्ठभाग आणि पाट्या परगण्याच्या परिषदेकडे; फाटक आणि कुंपणावरची पायरी मालकाकडे. १९६८ पासून वाट जेथे डांबरी रस्ता सोडते तेथे पाटी लावणे बंधनकारक आहे. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरता येते, पण पहिल्या नांगरटीनंतर चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी, किमान एक मीटर रुंद, करून द्यावी लागते. वाट असलेल्या शेतात एकटा बैल मोकळा सोडण्यावरही निर्बंध आहेत. दहा महिन्यांवरील वळूचा कायद्यात स्वतंत्र उल्लेख आहे. १९९२ पासून पॅरिशांना वाटांच्या देखभालीसाठी अनुदान देणारी योजनाही आली आणि गावचे स्वयंसेवक कोयते घेऊन काटेरी झुडपे तोडू लागले.

१८/
वाटा लोकप्रिय करण्याची कथा टॉम स्टीव्हनसन यांच्याशिवाय अपुरी आहे. १९३५ साली या पत्रकाराने ‘डेली हेरल्ड’मध्ये लेख लिहून पेनाइन डोंगररांगेवरून जाणाऱ्या एका लांब हिरव्या वाटेची मागणी केली. ती ‘पेनाइन वे’ तीस वर्षांनी, २४ एप्रिल १९६५ रोजी खुली झाली, २६८ मैल. तारीख पाहिलीत ना? किंडरचाच दिवस. पुढे इतके लोक आले की ओल्या माळावर वाट चिखलात रुतू लागली. तेव्हा पाडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीतील दगडी फरशा हेलिकॉप्टरने आणून तेथे अंथरल्या गेल्या. ज्या फरशांवर आठवडाभर उभे राहून कामगार रविवारची वाट पाहत, त्याच फरशा आता डोंगरावर आहेत. १८६० च्या दशकात, अमेरिकी यादवीच्या काळात, लँकेशायरच्या गिरण्यांत वऱ्हाड-खानदेशचा कापूसही पिंजला गेला होता, हेही जाता जाता आठवावे.

१९/
वाटांचे मोल खेड्यांना पुरते कळले ते २००१ साली. गुरांत लाळ-खुरकूत रोगाची भयंकर साथ आली आणि देशभरातील पायवाटा बंद झाल्या. रोग नसलेल्या भागांतही. तेव्हा दिसले, की चालणारे येईनासे झाल्यावर खानावळी, चहाची दुकाने, घरगुती निवासस्थाने ओस पडतात. पर्यटनाचे नुकसान शेतकऱ्यांच्या नुकसानीपेक्षा कितीतरी अधिक भरले. ‘शहरी मंडळी आमच्या शेतात का?’ या प्रश्नाला गावातूनच उत्तर येऊ लागले. २००७ साली हेब्डन ब्रिज या छोट्या गिरणी-गावाने ‘चालणाऱ्यांचे स्वागत’ अशी मोहीम सुरू केली. पुढे अनेक गावे तीत सामील झाली. अट अशी, की स्वागत करायचे तर आधी गावाच्या वाटा नीट राखायच्या.

२०/
आता प्रलंबित निकालाविषयी. २००० सालच्या कायद्याने ठरवले, की १९४९ पूर्वीच्या ज्या पायवाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नकाशावर येणार नाहीत, त्यांवरील हक्क साधारणतः संपुष्टात येईल. ‘एकदा वाट ती कायमची वाट’ या तत्त्वाला लागलेला हा सुरुंग होता. २०२० साली हजारो स्वयंसेवकांनी जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून पडताळले, तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये ४९ हजार मैलांहून अधिक वाटा नोंदीबाहेर असल्याचे दिसले. मुदत रद्द करण्याची घोषणा झाली, मग ती मागे घेऊन २०३१ ची तारीख आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने इंग्लंडसाठी ती मुदतच काढून टाकण्याचा मनोदय जाहीर केला.

२१/
मुदत असो वा नसो, एकेका वाटेचा अर्ज आजही स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. कुंपणबंदीच्या काळातील निवाडे, चर्चच्या दशांश-कराचे नकाशे, जुनी मोजणी, रेल्वेच्या आराखड्यात रेषेला छेदून गेलेली एक बारीक तुटक रेघ. आणि सोबत, वीस वर्षांच्या वापराचा दावा असेल तर, छापील अर्जावर गावातील कोणा वृद्धाची साक्ष: ‘मी लहानपणापासून येथून जातो.’