उपरी, कौल आणि निगमसभा : जुन्नर परिसरातील ग्रामसंस्था व परगावचे कामकरी

जुन्नर तालुक्यातील घाटघर हे गाव नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या सान्निध्यात वसलेले आहे. (अकोले तालुक्यात याच नावाचे दुसरे गाव आहे, अभ्यासकांकडूनही दोहोंची गल्लत होते.) कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नर व पैठणकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच खिंडीतून वर चढे. खिंडीतील लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे; तेथील दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. परके माणूस वाटेवरून जाताना पाहणे हे या गावाला नवे नाही. आज मात्र वाटेला लागतो तो गावचाच माणूस. भाताची कापणी उरकली, नाचणी-वरई घरात आली, की पश्चिम जुन्नर व आंबेगाव येथील महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबे पूर्वेकडील बागायती पट्ट्यात कांद्याच्या, टोमॅटोच्या व द्राक्षांच्या कामांस उतरतात. पूर येथील कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावणारी कुकडी माणिकडोह धरणात अडली, तिचे पाणी कालव्यांनी पूर्वेस गेले, आणि पाण्यापाठोपाठ मजूरही गेला. ज्या गावी तो जातो त्या गावच्या संस्थेने त्याच्याशी कोणते नाते ठेवावे, हा प्रश्न वाटतो तितका अर्वाचीन नाही.

प्राचीन पुरावा त्रोटक आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट व चंद्र या तीन यवनांची दाने कोरलेली आहेत. पाण्याची टाकी, भोजनमंडप व लेण्याचा दर्शनी भाग अशी ही दाने असून त्यांच्या शेजारीच धान्यविक्यांच्या श्रेणीचे दान नोंदलेले आढळते. परदेशी मनुष्य आपले परकेपण न लपविता येथील धर्मजीवनात दाता म्हणून स्थान मिळवू शके, एवढे त्यावरून म्हणता येते. नाशिक येथील उषवदाताचा लेख अधिक बोलका आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाकाठी येणाऱ्या २४० कार्षापणांतून लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला व नोंदविला गेला, असे लेखच सांगतो. भिक्षू हे कामकरी नव्हेत, आणि ही तुलना फार ताणू नये. तरीही चारी दिशांनी येणाऱ्या, गावात ज्यांचे घर नाही अशा लोकांच्या निर्वाहाची तजवीज नगरसभेच्या दप्तरी नोंदली जाई, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

खरा भरीव पुरावा मिळतो तो मराठा अमदानीच्या कागदपत्रांतून, आणि तेथे शब्दच वाटाड्याचे काम करतात. गावातील शेतकऱ्यांचे दोन वर्ग होते : मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, आणि उपरी. 'मिरास' हा शब्द वारसा या अर्थाच्या अरबी धातूपासून आला. उपरी म्हणजे ज्याचे मूळ त्या गावच्या मातीत नाही, जो वरून येऊन टेकला आहे, असा. टॉमस कोट्स याने पुण्याजवळील लोणी गावाचे जे वर्णन लिहिले (ते १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले) त्यातही हे दोन वर्ग स्पष्ट वेगळे दाखविले आहेत. मिरासदाराला जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क व गोतसभेत मान. पण साऱ्याचा भार त्याच्यावर अधिक. उपऱ्याला मान नाही, हक्क नाही. परंतु तो बहुधा हलक्या दराने जमीन करी आणि न परवडल्यास बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाऊ शके.

या शेवटच्या गोष्टीतच ग्रामसंस्थेच्या वागणुकीचे मर्म आहे. दुष्काळ आणि स्वाऱ्या यांनी गावेच्या गावे परागंदा होत. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले आणि त्याच सुमारास दख्खनेत घोर दुष्काळ पडला. अशा ओसाडीनंतर गतकुळांच्या जमिनी पडीक राहत आणि सरकारी साऱ्याचा बोजा उरलेल्या पांढरीवर पडे. म्हणून परगावच्या कुळास बोलावून आणणे हे औदार्य नव्हे, तर गावाची गरज होती. त्यासाठी साधन होते कौल व इस्तावा यांचे. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा चढता, आणि ठराविक मुदतीअंती पुरा दर, असे लेखी वचन येणाऱ्यास मिळे. दादोजी कोंडदेवांच्या काळी पुणे प्रांताची वसाहत याच रीतीने झाली. 'कौल' म्हणजे अरबीत बोललेला शब्द, वचन. देवाचा कौल व मतदारांचा कौल हे आजचे अर्थ आपणांस परिचित आहेत. परंतु परक्या माणसाला गावाने दिलेला शब्द, हा अर्थ विस्मरणात गेला.

उपरीपण कायमचे असेच असेही नाही. पांढरीकडून मिरासपत्र करून घेऊन, गोताच्या साक्षीने, उपरी मिरासदार होऊ शके. बलुतेदारांतही वतनदार व उपरी असा भेद होता. वतनदार सुतार परागंदा झाला तर गाव उपऱ्या सुताराकडून काम घेई, आणि वतनदाराचा वंशज परतला की तंटा गोतसभेपुढे येई. या सभांच्या कार्यपद्धतीचे विवेचन वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात (१९५३) पाहावे. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पांढरीचा दरवाजा जात पाहून उघडे, आणि गावकुसाबाहेरच्यांना पिढ्यान्‌पिढ्या राहूनही तो बंदच असे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच, की परक्याशी करावयाच्या व्यवहाराला तेव्हा नाव होते, मुदत होती आणि दप्तरात जागा होती.

१८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू झालेल्या नव्या मोजणीपासून सारा जमिनीच्या प्रतीवर बसू लागला आणि महसुलापुरता मिरासी-उपरी भेद निरर्थक ठरला. शब्द मात्र मेला नाही. तो दप्तरातून मनात उतरला. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाला १९८० मध्ये 'उपरा' हे नाव मिळाले, तेव्हा त्यात साऱ्याचा दर कोणालाच आठवला नसेल. आठवले असेल ते केवळ परकेपण. संज्ञा नष्ट झाली व भावना उरली, असा हा अर्थसंकोच आहे. पण त्याबरोबर कौलही गेला, ही हानी अधिक मोठी.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नावे असलेल्यांची सभा. पश्चिम जुन्नर व आंबेगावातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात असून १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभांना गौण वनोपजांसह अनेक बाबतींत अधिकार दिले. परिणामी हिरड्याविषयी ज्याचा शब्द आपल्या गावी मोलाचा, तोच मनुष्य पन्नास किलोमीटरांच्या आत, नारायणगावच्या मजूरबाजारात उभा राहिला की कोणत्याच सभेचा सभासद नसतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांविषयीचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. एकाच जिल्ह्यात घाट उतरून गेलेल्याची दखल त्यात नव्हती. आपल्याच तालुक्यात उपरी होणे ही कल्पना कायदा लिहिणाऱ्यांना सुचली नसावी.

बागायती गावच्या पंचायतीला यात काही करणे अशक्य आहे काय? पाण्याची टाकी, शौचकूप, रात्री निजण्यास छप्पर, हंगामापुरती नोंदवही, मुलांना त्या महिन्यांत शाळेत बसू देणे, आणि मजुरी बुडाल्यास कोणापुढे जावयाचे याचे ठरलेले ठिकाण : यांपैकी बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, ठराव लागतो. त्यांतही नोंदवहीला मी अग्रस्थान देईन. ज्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही त्याच्यासाठी टाकी किती मोठी बांधावी हे कोणी सांगावे? खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. परंतु कांदा ज्यांच्या हातांनी लागतो त्यांच्या येण्यात गावाचा स्वार्थ आहे, हे गतकुळांच्या जमिनी पाहणाऱ्या पाटलाला जितके उघड होते तितके आजच्या सरपंचाला का असू नये?

परक्यांशी लेखी व्यवहार करण्याची सवय या गावांना नाही असे मात्र म्हणता येणार नाही. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा समित्यांची माणसे तेथे येतात, तारीख व सुपारीची रक्कम ठरवितात, इसार देतात आणि करार लिहून घेतात. एका रात्रीच्या खेळासाठी हे सर्व होते. त्याच नारायणगावात चार महिन्यांच्या कष्टांचा सौदा तोंडी होतो.