मराठी मुलुखांतील शरीरचलनशास्त्राचा आरंभ : एक टांचण

मनुष्याचें शरीर हालतें कसें, श्रमानें त्यांत कोणते फेरफार होतात, आणि रोग्याची गेलेली हालचाल परत कशी आणावी, या प्रश्नांचा अभ्यास आतां पदवीच्या व पदव्युत्तर अशा दोन्ही पायऱ्यांवर होतो. नाशिकचें महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ सालीं स्थापन झालें. भौतिकोपचाराची पदव्युत्तर पदवी त्याच्या कक्षेंत येते. आमच्या सापगावासारख्या गांवच्या विद्यार्थ्यांना आसनगावास गाडी धरून ठाण्यामुंबईस गेल्यास ही विद्या आज मिळूं शकते. त्यांच्या हातीं पडणाऱ्या ग्रंथांत या शास्त्राची वंशावळ बहुधा युरोप-अमेरिकेंतील दिलेली असते. उलट व्याख्यानांतून ऐकूं येतें कीं, हें सारें आमच्या ऋषींस आधींच ठाऊक होतें. पुरावा दाखवा म्हटलें म्हणजे पहिला पक्ष परदेशचा कागद दाखवितो आणि दुसरा श्लोक म्हणतो. या दोहोंच्या मध्यें लोणावळ्याचा १९२४ सालचा एक कागद आहे, आणि तो दोघांनाही सारखाच अडचणीचा आहे. त्याची ओळख करून देण्यापुरतें हें टांचण आहे.

प्रथम श्लोकांचा पक्ष घेऊं. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, चोविसाव्या अध्यायांत, व्यायामाची मर्यादा सांगितली आहे. मनुष्यानें आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंतच व्यायाम करावा असा तेथें नियम असून, तें अर्धें बळ ओळखावें कसें याची खूणही दिली आहे. हृदयाच्या ठिकाणीं राहणारा वायु व्यायाम करितां करितां मुखाशीं आला म्हणजे बलार्ध झालें असें समजावें. हें वचन सामान्य नव्हे. नाकानें चालणारा श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडावें लागतें, तो क्षण श्रमाच्या मापनांत महत्त्वाचा आहे. हृद्रोगांतून उठलेल्या माणसास 'बोलतां येईल इतक्याच वेगानें चाला' असें सांगतात, त्यांतला आशय याच जातीचा आहे. चरकानेंही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत व्यायाम मात्रेनेंच करण्यास सांगून अतिव्यायामाचे दोष दिले आहेत. परंतु खूण निराळी आणि माप निराळें. 'अर्ध' हा शब्द गणिताचा असला तरी तेथें पूर्ण बळाचा अंक दिलेला नाहीं. अर्धें कशाचें हें शिष्यानें गुरूपाशीं राहूनच शिकावयाचें. तेव्हां सुश्रुतास सूक्ष्म निरीक्षणाचें श्रेय द्यावें आणि प्रयोगशाळेचें देऊं नये.

हठग्रंथांची गोष्ट अधिक कुतूहलाची आहे. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेंत धौति, बस्ति, नेति, त्राटक, नौलि व कपालभाति अशीं षट्कर्में सांगितलीं आहेत. पैकीं बस्तीचा विधि असा कीं, नाभीइतक्या पाण्यांत उकिडवें बसावें, गुदद्वारीं नळी बसवावी, आकुंचन करावें, आणि आंत आलेल्या पाण्यानें कोठा धुवावा. येथें चौकस वाचकास अडखळावें लागतें. पिचकारी नाहीं, दट्ट्या नाहीं. मग पाणी वर चढतें कां? 'वायूच्या सामर्थ्यानें' हें उत्तर पाठशाळेंत चालतें. आतड्याची गति उलटते म्हणून, असा तर्क वैद्यकाच्या बाजूनें करतां येतो. दोन्ही उत्तरें ऐकावयास बरीं. पण कोणतें खरें हें ग्रंथ वाचून ठरण्यासारखें नव्हतें.

तें ठरविण्याचें काम ज्यानें अंगावर घेतलें तो पेशानें डॉक्टर नव्हता, ही गोष्ट आम्हां शाळामास्तरांस विशेष वाटावी. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं बडोदें संस्थानांतील डभोई येथें झाला. १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. या शिष्यवृत्तीचा मान काय होता तें जुन्या पिढीच्या संस्कृत विद्यार्थ्यांस सांगावयास नको. बडोद्यास जुम्मादादांच्या व्यायामशाळेंत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखालीं त्यांची शरीरतालीम झाली. पुढें अंमळनेर येथें राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यांत त्यांनीं अध्यापन केलें. आणि १९१९ सालीं नर्मदातीरीं मालसर येथें परमहंस माधवदासजी यांची गांठ पडून त्यांच्यापासून योगाची दीक्षा घेतली. संस्कृत, आखाडा आणि गुरुगृह अशीं तीन शिक्षणें एका माणसांत एकत्र आलीं. पुढें ते स्वामी कुवलयानंद या नांवानें प्रसिद्ध झाले.

लोणावळ्यास आश्रम निघण्यापूर्वींच त्यांनीं बडोद्याच्या रुग्णालयांत शिष्यांकडून उड्डियान व नौलि करवून त्या क्ष-किरणांखालीं पाहिल्या. राँटगेनचा शोध १८९५ चा. म्हणजे यंत्राचें वय तेव्हां तीस वर्षांचेंही नव्हतें. मग कोठ्यांतील दाब पाऱ्याच्या दाबमापकानें मोजला. क्रिया थोडक्यांत अशी आहे. श्वास पूर्ण बाहेर टाकून कंठद्वार मिटावयाचें आणि श्वास न घेतांच बरगड्या फुलवावयाच्या. छातीची पोकळी वाढते, हवा तर आंत येत नाहीं. त्यामुळें श्वासपटल वर खेंचलें जातें व पोट पाठीस लागतें. हें उड्डियान. त्याच स्थितींत पोटाचे दोन उभे स्नायु आंवळून खांबासारखे पुढें काढले म्हणजे नौलि. या वेळीं मोठ्या आतड्यांतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षां कमी होतो असें पारा दाखवूं लागला. नळी उघडी असली कीं बाहेरच्या हवेचा दाबच पाणी आंत लोटतो. आकाशांतील वायु, देहांतील वायु व आतड्याची उलटी गति यांपैकीं कोणाचीही मध्यस्थी त्यास लागत नाहीं. या अंशतः निर्वात स्थितीस कुवलयानंदांनीं आपल्या गुरूचें नांव देऊन 'माधवदास-निर्वात' म्हटलें. नांव गुरूचें, पण निवाडा पाऱ्याचा, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

ऑक्टोबर १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच महिन्यांत 'योगमीमांसा' हें इंग्रजी त्रैमासिक निघालें. नियतकालिकांच्या अभ्यासकांनीं त्याची मांडणी अवश्य पाहावी. शास्त्रीय, अर्धशास्त्रीय व लोकोपयोगी असे त्यांत निरनिराळे भाग केलेले होते. यंत्रानें मोजलेलें एका भागांत, त्यावरून बांधलेला तर्क दुसऱ्या भागांत, आणि सामान्य वाचकास करावयाचें तें तिसऱ्या भागांत. मोजलेलें आणि मानलेलें एकाच परिच्छेदांत कालवण्याची खोड आमच्या इतिहासलेखनासही आहे. तेथें ही वांटणी उसनी घेण्यास हरकत नसावी. शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासन यांत रक्तदाब किती होतो तेंही या प्रयोगशाळेंत मोजण्यांत आलें.

यापुढचें प्रकरण शब्दाचें आहे, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. आधुनिक रसायनशास्त्राच्या मराठी परिभाषेनें ऑक्सिजनास 'प्राणवायु' म्हटलें. शब्द सुंदर आहे, पण त्यानें घोटाळा केला. हठग्रंथांतील प्राण म्हणजे नाडींतून संचार करणारी शक्ति. ती बाटलींत धरतां येणारा वायु नव्हे. नांव एक झाल्यामुळें प्राणायाम म्हणजे प्राणवायु अधिक सांठविण्याची युक्ति, अशी समजूत सहज पसरली व अद्यापि पसरलेली आहे. कुवलयानंदांनीं ती उचलून धरली असती तर त्यांच्या संस्थेस लोकप्रियता सोपी होती. त्यांनीं तसें केलें नाहीं. दीर्घश्वसनाचें महत्त्व ऑक्सिजनासाठीं मानणाऱ्या पाश्चात्त्य व्यायामपंडितांशीं मतभेद दाखवून, प्राणायामाचें खरें मूल्य मज्जासंस्थेच्या शिक्षणांत आहे, ऑक्सिजनाचा लाभ गौण होय, असें त्यांनीं प्रतिपादिलें. लोणावळ्यास त्यांच्यापाशीं राहून गेलेले त्रावणकोरकडील कोवूर थॉमस बेहनन यांनीं पुढें अमेरिकेंत येल विद्यापीठांत स्वतःच्याच शरीरावर मापें घेतलीं. त्यांचा ग्रंथ १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. उज्जायी करीत असतां ऑक्सिजनाचा व्यय सुमारें चतुर्थांशानें वाढतो असें त्यांना आढळलें. यावरून कोणी जुन्या समजुतीचें समर्थन करूं पाहील. पण श्वास ओढण्याचे स्नायु जोरानें राबविले कीं त्या राबण्याचाच खर्च वाढावयाचा. जमाखर्चाच्या वहींत हा आंकडा खर्चाच्या बाजूस पडतो.

मापानें आवडत्या गोष्टींस मुरड घालावी लागते, याचें दुसरें उदाहरण वेंगर, बागची व आनंद यांच्या १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत सांपडतें. हृदय थांबवितों असें म्हणणारे कांहीं योगी त्यांनीं भारतांत तपासले. मनगटाची नाडी लागेना, हृदयाचे ठोके ऐकूं येईनात. परंतु विद्युल्लेखांत हृदय चालूच होतें. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायु आंवळल्यानें हृदयाकडे परतणारें रक्त कमी होतें, म्हणून नाडी हातास लागत नाहीं. योग्यांनीं लबाडी केली असें यावरून म्हणतां येत नाहीं. हातास जें कळलें तें त्यांनीं सांगितलें. हाताची धांव तेथवरच होती.

त्या काळीं बाहेर काय चाललें होतें तेंही पाहिलें पाहिजे. केशवाहिन्यांच्या संशोधनाबद्दल डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांस १९२० चें, आणि स्नायूंतील उष्णता व दुग्धाम्ल यांवरील कामाबद्दल हिल व मायरहोफ यांस १९२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. हार्वर्डची श्रमविषयक प्रयोगशाळा १९२७ सालीं, म्हणजे लोणावळ्याच्या मागाहून तीन वर्षांनीं निघाली. या तीन वर्षांच्या जोरावर अग्रपूजेचा मान मागणें हास्यास्पद होईल. हार्वर्डच्या मागें मोठें विद्यापीठ उभें होतें. इकडे प्रयोग्य माणसें थोडीं, तींही बहुधा शिष्य, आणि शिकविणारा व तपासणारा एकच. असल्या मापांवरून क्रिया कशी घडते तें सांगतां येतें. तिनें अमुक रोग बरा होतो असें सांगण्यास तीं पुरीं पडत नाहींत. पुढें योगाच्या नांवावर जे रोगनिवारणाचे दावे झाले त्यांपैकीं पुष्कळांनीं ही मर्यादा पाळली नाहीं.

शिक्षणाच्या अंगानें पाहतां, १९३७ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या शरीरशिक्षण समितीचें अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आलें, आणि १९३८ सालीं कांदिवली येथें शरीरशिक्षकांसाठीं सरकारी संस्था निघाली. लोणावळ्याचें योगाचें महाविद्यालय १९५० च्या सुमाराचें आहे. रुग्णालयांतून आलेला दुसरा प्रवाह याच वेळीं सुरू झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५० सालीं कमला निंबकर यांनीं व्यवसायोपचाराची शाळा काढली. या बाई जन्मानें अमेरिकन, विवाहानें मराठी. त्याच ठिकाणीं १९५३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें भौतिकोपचाराची शाळा निघाली, आणि १९५५ सालीं हाजीअलीची अखिल भारतीय संस्था. पोलिओनें लुळीं पडलेलीं मुलें हें त्या काळचें मोठें निकडीचें काम होतें. कैवल्यधामाची मुंबईंतील शाखा चौपाटीपाशीं, के. ई. एम. परळास, अंतर कांहीं मैलांचें. तरी दोहोंचे अभ्यासक्रम निरनिराळ्या वाटांनीं गेले. एकीकडे पदवी व रोगी राहिले, दुसरीकडे ग्रंथ व साधक. आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानें दाबमापक हातीं घेतांना लोणावळ्याचे जुने अंकही चाळावे, हें आमचें म्हणणें अभिमानापोटीं नाहीं. ज्यांस स्वतःच्या परंपरेवर श्रद्धा होती अशा माणसानें तीच परंपरा मापाखालीं कशी घातली, याचा इतका स्वच्छ नमुना मराठी मुलुखांत दुसरा दाखविणें कठीण.

मात्र या दोन्ही प्रवाहांनीं जें शरीर पाहिलें तें योग्याचें, खेळाडूचें किंवा रोग्याचें. राबणारें शरीर मधल्यामध्यें राहिलें. आमच्या तालुक्यांत १८९२ चें तानसा आहे, भातसा आहे. मुंबई यांचें पाणी पिते, आणि चैत्र-वैशाखांत डोंगराकडच्या पाड्यांतील बायका डोईवर हंडे घेऊन चढण चढतात. १९८६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत केनियांतील लुओ व किकुयू स्त्रियांवरील एक निबंध आला. स्वतःच्या वजनाच्या पंचमांशापर्यंतचा भार त्या नेत असतां ऑक्सिजनाचा जादा खर्च दिसत नाहीं, असें त्यांत दाखविलें होतें. तीं मापें सपाट चालीचीं होतीं. आमच्याकडील वाट चढउताराची, आणि खर्च कमी पडला म्हणून मान दुखत नाहीं असें थोडेंच आहे? येथल्या हंड्याखालच्या शरीराचें असें माप घेणें हें मुंबईस जाऊन ही विद्या शिकणाऱ्या मुलामुलींस घरचेंच काम आहे.

या मापांस जुनी जोड मिळाल्यास बरें. शहापूर, मुरबाड व कल्याण या भागांतील तालीमखान्यांच्या वह्या, शाळांतील विद्यार्थ्यांच्या उंची, वजन व छाती यांच्या नोंदी, कांदिवलीस शिकून आलेल्या शिक्षकांचीं टिपणें, किंवा 'योगमीमांसे'चे आरंभीचे अंक ज्या कोणाच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते मंडळाकडे पाठवावे, अगर निदान नकल करून घेऊं द्यावी. वहीचीं पानें सुटलीं असल्यास तीं चिकटवूं नयेत. तशींच दोऱ्यानें बांधून पाठवावीं.